सशांच्या कामाचा अनुभव

अकरा वर्षं मी दुबईतल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत झुरळं मारली. पाठीवर पंप, तोंडावर मास्क आणि कानात शेफ लोकांचं ‘यल्ला भाई, जल्दी खलास करो’. गावी कोणी विचारलं तर अम्मी सांगायची, मुलगा कंपनीत टेक्निशियन आहे. ते खोटं नव्हतं, माझ्या कार्डावर तसंच छापलेलं आहे. राहायला मुहैस्नाहमधला कॅम्प. आमच्यातले सगळे त्या भागाला सोनापूर म्हणतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

खोलीत आम्ही सहा जण. माझ्या खालच्या खाटेवर चाचा. ते माझे नात्याने कोणी लागत नव्हते. ते रायगडच्या किनाऱ्यावरचे, मी रत्नागिरीच्या खाडीकाठचा. पण साठी ओलांडलेल्या माणसाला नुसतं नावाने हाक मारायची आमच्यात रीत नाही, म्हणून चाचा. या देशात त्यांना एकतीस वर्षं झाली होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त त्यांनी ससे पकडण्यात घालवली होती.

अमिरातीत ससे कुठून आले, असं गावचे लोक मला अजून विचारतात. हे ससे वाळवंटातले नव्हेत. ईदला कोणी मुलांसाठी पांढरे-करडे ससे आणतं, चार महिन्यांत मुलं विटतात, मग ससे शेतावर सोडून देतात. शेतावर पाणी आहे, लसूणघास आहे, वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या झाडांचे बांध आहेत. दोन वर्षांत बांधाची पोखरून चाळण होते. रानातल्या जनावराला हात लावायला इथे बंदी आहे आणि ते बरंच आहे. पण घर सुटलेल्या या सशांचा बंदोबस्त करायला कोणीतरी लागतं, आणि ते काम आमच्या कंपनीकडे यायचं.

चाचांची पद्धत इंग्रजी होती. पूर्वी त्यांचा एक इंग्रज सुपरवायझर होता, त्याने फेरेटची जोडी बाळगली होती. फेरेट म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचं, लांबुळकं, मऊ जनावर. बिळाच्या प्रत्येक तोंडावर जाळं लावायचं आणि एका तोंडातून फेरेटला आत सोडायचं. ससे घाबरून बाहेर पळतात ते थेट जाळ्यात. मग त्यांना जिवंत उचलून क्रेटमध्ये घालायचं. तो साहेब मायदेशी परतला, जोडी चाचांकडे राहिली. त्यातला नर एका उन्हाळ्यात गेला. मादी उरली, तिला चाचा ‘बाई’ म्हणायचे. कंपनीच्या औषधांच्या गोदामात एसी चोवीस तास चालू असतो, तिथे एका कोपऱ्यात बाईचा पिंजरा होता. चाचा रोज ड्यूटीआधी आणि ड्यूटीनंतर तिच्याकडे जायचे. जुम्म्यालासुद्धा.

पण दोन वर्षं बाईला काम नव्हतं. कंपनीने गॅसच्या गोळ्या आणल्या होत्या. बिळात गोळी टाका, तोंड मातीने बुजवा, चालू लागा. चाचांना मग पार्किंगमधल्या गाड्या पुसायला लावलं. त्यांचा व्हिसा डिसेंबरात संपत होता.

आमचे मॅनेजरसाहेब पुण्याचे. ऊद मेथाजवळ बायकोमुलीसह राहतात. माणूस वाईट नाही, हे मी आजही सांगेन. त्यांनी चाचांना केबिनमध्ये बोलावलं, मलाही सोबत नेलं, कारण चाचांना साहेबांचं इंग्रजी झेपत नसे.

“चाचा, ऑनेस्टली सांगतो,” साहेब म्हणाले, “सिक्स्टी प्लसचं रिन्यूअल असलं की हेड ऑफिस फॉर्म मागतं. त्यात जस्टिफिकेशनचा एक रकाना आहे. हा माणूस का हवा. तिथे मी काय लिहू? कार वॉश?”

मग साहेबांनीच वाट दाखवली. अल ऐनच्या रस्त्यावर एका शेतमालकाला गोळ्या नको होत्या. त्याचे घोडे तिथेच चरायचे. “एक ट्रायल घेऊ. तुमच्या जाळ्यांनी रिझल्ट दिसला तर त्याची चारही शेतं आपल्याला मिळतात. मग त्या रकान्यात लिहायला माझ्याकडे सॉलिड पॉइंट असेल. नाहीतर माझ्या हातात काही नाही.”

“कधी?” चाचांनी विचारलं.

“नेक्स्ट सॅटर्डे. त्यानंतर त्यांची रोपं लागायची आहेत.”

सप्टेंबरचा शेवट होता. बाहेर आल्यावर चाचा भिंतीला टेकून उभे राहिले. “हा मोसमच नाही,” ते मला म्हणाले. “नोव्हेंबरात दव पडतं, वाळू बसते, घास कापून झालेला असतो, बिळाची तोंडं दिसतात. आत्ता वरून भट्टी आणि खालून चिखल. अशा जमिनीत बाईला सोडायचं म्हणजे…”

“मग नाही म्हणा,” मी म्हणालो.

“नाही म्हणून जाऊ कुठे? गावी मला ओळखणारे सगळे कबरस्तानात आहेत. इथे निदान वॉचमनला माझं नाव माहीत आहे.”

हे ते रडगाणं गावं तसं म्हणाले नाहीत. भाव विचारल्यावर दुकानदार सांगतो, तसं म्हणाले. मला त्यांचा राग आला. इतक्या वर्षांत माणसाने स्वतःसाठी एवढंच जमवावं, एक वॉचमन आणि एक मुंगशी! आणि मग लगेच माझ्या स्वतःच्या जमेला काय आहे ते आठवलं आणि मी तोंड बंद केलं.

चाचांची जुनी जाळी गोदामाच्या गच्चीवर पडून उन्हाने कुजली होती. हात लावला की दोरा तुटायचा. इथे मी उपयोगी पडलो. माझे अब्बा खाडीत मासेमारी करायचे आणि पावसाळ्यात घरभर जाळी पसरलेली असायची. जाळं विणायची सुई माझ्या हातात शाळेच्या पाटीआधी आली. देऱ्याच्या बाजारातून मी नायलॉनचा दोरा आणला आणि आठ दिवसांत, ड्यूटी संपल्यावर खाटेवर बसून, बावीस जाळी विणली. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, किती मोठा ठेवायचा ते चाचांनी मूठ दाखवून सांगितलं. सशाचं डोकं जाईल, खांदा जाणार नाही. खोलीतले बाकीचे हसायचे, की भाई वाळवंटात पापलेट धरायला निघाले. हसोत बापडे. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझे हात असं काही करत होते जे मला येत होतं.

शनिवारी पहाटेची फज्रची नमाज रस्त्यातच एका पेट्रोल पंपाच्या मशिदीत झाली. शेतावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं आणि धुकं इतकं दाट होतं, की घोड्यांचं नुसतं फुरफुरणं ऐकू येत होतं. गाडीतून उतरायच्या आधीच शर्ट अंगाला चिकटला. साहेब त्यांच्या गाडीने मागून येणार होते.

चाचांनी बांधावरून एक चक्कर मारली आणि परत आले ते चेहरा पाडूनच. वरची चार बोटं वाळू कोरडी, पिठासारखी. तिच्याखाली मिठाचा पापुद्रा, पाय दिला की कुरकुरत फुटणारा. त्याच्याखाली ठिबकच्या पाण्याने भिजलेला गाळ. ससे त्या गाळात राहत होते. बिळं मुळांच्या आधाराने कशीबशी उभी होती. शिवाय लसूणघास गुडघाभर वाढलेला, त्यामुळे तोंडं शोधायची म्हणजे रांगत, चाचपडत.

“हळू चाल,” चाचा म्हणाले. “तुझ्या वजनाने छत बसेल. आणि ऐक, बाईचं मी बघतो. तू फक्त जाळ्यांचं बघ.”

हे वाक्य मी स्पष्ट ऐकलं होतं. ते म्हणाले, आणि बिळं मोजायला बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

बाईची पेटी गाडीच्या मागच्या बाजूला होती. हवेसाठी तिला जाळीचं झाकण होतं, तळाला गवत अंथरलेलं. मी जाळी काढायला गेलो तर तिने नाक जाळीला लावलं आणि आतून पंजाने खरवडायला लागली. एकदा, दोनदा, थांबून परत. डोळे असे, की बघवेना. आदल्या रात्री चाचांनी तिला निम्मंच खायला दिलं होतं, ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, म्हातारा कामाच्या काळजीत विसरला.

आमच्या घरात अम्मीचा एक नियम होता. पहाटे कोणी दर्यावर निघालं, तर उपाशी पोटी उंबरा ओलांडायचा नाही. अब्बा असोत, खलाशी असो, नाहीतर भाड्याचा टेम्पोवाला असो, ती चुलीपुढे बसलेलीच असायची. एकदा अब्बा घाईत तसेच निघाले तर ती भाकरी घेऊन खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरली होती. उपाशी माणसाला कामाला धाडणं हे आमच्यात पाप. मी ते कधी शिकलो नाही, ते अंगातच होतं.

माझ्या डब्यात रात्रीची कलेजी होती. तिखट तिला बाधेल म्हणून मी बाटलीतल्या पाण्याने चार तुकडे धुतले आणि जाळीतून एकेक आत सोडले. तिने ते असे गट्ट केले, की मला अम्मीसारखं वाटलं. मी तिला म्हणालोसुद्धा, “खा बाई खा, आज तुझ्यावर आहे सगळं.”

मग मी जाळी लावायला गेलो. इथेच घोडं पेंड खात होतं. जाळ्याच्या दोरीला खुंटी लागते आणि त्या वाळूत खुंटी ठरेना. बोटाने ओढली तरी निघून यायची. चाचा हताश होऊन बघत राहिले. मला अब्बांच्या जाळ्यांना लावलेली शिशाची वजनं आठवली. गाडीत रिकाम्या पिशव्या होत्या. मी पिशव्यांत खालची ओली वाळू भरली, प्रत्येक जाळ्याची दोरी एकेका पिशवीला बांधली आणि पिशवी पुरून टाकली. चाचांनी एक दोरी ओढून पाहिली, परत ओढली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास, मासेवाल्या!” त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलंच कौतुक. सतरा तोंडांवर सतरा जाळी लागली.

साहेब आले. गाडीतून न उतरता काच खाली करून त्यांनी अंगठा वर केला. फोनवर मुलगी होती. ते मराठीत विचारत होते, दूध प्यायलीस का, आणि ती स्पीकरवरून इंग्रजीत सांगत होती, की आज स्विमिंग आहे.

चाचांनी बाईला दोन्ही हातांत घेतलं, तिच्या कपाळाला हनुवटी लावली, बिस्मिल्ला म्हटलं आणि तिला बिळात सोडलं. ती गेली. दोन मिनिटं काही नाही. मग जमिनीखाली ढोल वाजावा तसा धबधब आवाज आला आणि तिसऱ्या तोंडातून एक करडा ससा सुटला. जाळं झपकन त्याच्याभोवती आवळलं, पिशवीने दोरी धरून ठेवली. मी झेप घेतली. हातात तो गरम, थरथरता जीव, आणि माझंच काळीज त्याच्यापेक्षा जास्त धडधडत होतं. पाठोपाठ दुसरा, पांढरा. तोही अडकला. साहेब गाडीतून उतरले. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. “वा, चाचा! सुपर्ब!” ते म्हणाले. चाचा हसले नाहीत, पण त्यांनी टोपी सरळ केली.

त्या दोन सशांपलीकडे त्या दिवशी काही हाती लागलं नाही.

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. धुकं विरलं आणि ऊन एकदम डोक्यावर आलं. चाचा प्रत्येक बिळाशी पालथे पडून कान लावत होते. ना ससा, ना बाई. फेरेटच्या गळ्यात घालायचा एक यंत्राचा पट्टा असतो, वरून डबी फिरवली की जनावर कुठे आहे ते कळतं. आमच्याकडच्या पट्ट्याचा सेल उन्हाळ्यात फुगून फुटला होता आणि नवा मागवायचा अर्ज कोणाच्या तरी टेबलावर होता.

“आत झोपली,” शेवटी चाचा म्हणाले. “पोट भरल्याशिवाय ती झोपत नाही. भुकेली असली की बाहेर येतेच, माझ्या हाताशी. म्हणून तर आदल्या दिवसापासून कमी देतो.” ते माझ्याशी बोलत नव्हते, वाळूशी बोलत होते. “आत पिल्लं मिळाली असतील? मारून खाल्ली असतील?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगून ती बाहेर आली नसती हे खरं, पण सांगायला हवं होतं. मी मजुरांच्या खोलीकडे फावडं आणायला गेलो.

त्या जमिनीत खणणं म्हणजे पाण्यात खड्डा करणं. एक फावडं काढावं तर दोन फावडी बाजूने घसरून येत. गाळापर्यंत पोचलो की वरचा पापुद्रा तुकड्यातुकड्याने कोसळे. आणि मग घड्याळ लावल्याप्रमाणे ठिबक सुरू झालं. शेताचं पाणी टायमरवर होतं. आम्ही जाळ्यांचा विचार केला, दोऱ्यांचा केला, पाण्याचा केला नव्हता. बांधाच्या कडेने पाणी जिरायला लागलं आणि आमच्या डोळ्यांदेखत बीळ बसलं. आवाजसुद्धा फार झाला नाही. चाचा हातांनी उकरत राहिले. मी शेताच्या मजुरांना हाका मारत धावलो, व्हॉल्व कुठे आहे ते कोणाला पटकन सापडेना. सापडला तेव्हा बांधाची लांबच लांब पट्टी खाली बसलेली होती.

साहेब छत्री घेऊन उभे होते. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली, त्यांच्याबद्दल तेही सांगायला हवं. मग विचारलं, “नेमकं काय चुकलं? रिपोर्टमध्ये लिहावं लागेल मला.”

मी तोंड उघडलं. पण चाचा आधी बोलले. गुडघ्यांवर, कोपरापर्यंत चिखलात, मान वर न करता. “मेरी गलती, साहेब. रात्री मी तिला पोटभर खायला घातलं. वय झालं, विसरलो.”

मी तोंड मिटलं. आणि मला चक्क हायसं वाटलं! हे लिहिताना मला शरम वाटते. मी मनाशी म्हणालो, चला, म्हणजे त्यांनीही मागून आणखी घातलं असणार. मग माझ्या चार तुकड्यांनी असं काय बिघडलं असेल? माणूस स्वतःला सोडवायला किती पटकन दार शोधतो.

त्या संध्याकाळी चाचांनी आपला घामाचा बनियन पेटीत घातला आणि पेटी उघडी करून बांधावर ठेवून आले. वास ओळखून येईल म्हणाले. सकाळी पेटी रिकामी होती. दुसऱ्या सकाळीही. तिसऱ्या दिवशी घोडे दुसरीकडे हलवले आणि मालकाने गोळ्यांना होकार दिला.

डिसेंबरात चाचांचं विमान दुपारचं होतं. एक बॅग, एक घोंगडीचं गाठोडं. सकाळी मी खाली जाऊन अंडा-पराठा आणि चहा घेऊन आलो. उपाशी पोटी कसं पाठवायचं! खोलीत आम्ही दोघंच होतो. मी पराठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

“नको. पोट भरलं की झोप लागते,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “पेटीतल्या गवताला हळद लागली होती. बाईच्या खाण्यात मी कधी हळद घालत नाही.”

बाहेर कुणाच्या तरी बसचा हॉर्न वाजत होता. मी विचारलं, “कधी पाहिलंत?”

“त्याच दिवशी. तू फावडं आणायला गेलास तेव्हा.”

“मग साहेबांना का नाही सांगितलंत?”

“सांगून काय झालं असतं? माझा कागद डिसेंबरचा होता, तुझा मार्चचा. एका बिळात दोघांनी कशाला गाडून घ्यायचं?” त्यांनी टोपी घातली. मला वाटलं आता ते म्हणतील, जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस. ते तसं म्हणाले नाहीत. “बाईचं मी बघतो म्हणालो होतो मी तुला. ऐकायचं होतंस.”

एवढंच. मी त्यांची बॅग उचलली, त्यांनी ती माझ्या हातातून घेतली नाही, इतकीच माफी मला मिळाली. एअरपोर्टवर ते आत गेले आणि मागे वळून पाहिलं नाही. गावी पोचल्याचा एक मेसेज आला. नंतर मी दोनदा फोन केला, तो पुतण्याने उचलला आणि म्हणाला, ते झोपलेत.

आता ती चारही शेतं कंपनीकडे आहेत. गोळ्या टाकायला मीच जातो. माझी बावीस जाळी गोदामात आहेत. एसी आहे, कुजणार नाहीत. गोळी टाकण्याआधी मी प्रत्येक तोंडाशी वाकतो आणि ‘बाई’ म्हणून हाक मारतो. सोबतच्या माणसाला वाटतं, मी काहीतरी दुआ म्हणतोय. मग मी थोडा थांबतो आणि तोंड बुजवतो.

मार्चमध्ये माझा व्हिसा रिन्यू झाला. मॅनेजरसाहेबांनी सहीसाठी फॉर्म पुढे केला. हा माणूस का हवा, त्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: सशांच्या कामाचा अनुभव. मी सही केली.